टिकाऊ उत्पन्नाचे ध्येय व संस्थांचे दप्तर

१

एखादी संस्था एखादे ध्येय स्वीकारते म्हणजे नेमके काय करते, याचे उत्तर तिच्या ठरावांत सहसा सापडत नाही. ते तिच्या दप्तरात शोधावे लागते. निसर्गापासून मिळणारे उत्पन्न पुढील पिढ्यांनाही पुरेल अशा बेताने वापरावे, हे ध्येय आज सर्वमान्य झाले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली या दिशेने १७ ध्येये व १६९ लक्ष्ये ठरविली. मराठीत त्यांना ‘शाश्वत विकासाची ध्येये’ असे नाव मिळाले, आणि शासकीय खात्यांपासून ग्रामपंचायतींपर्यंत व औद्योगिक कंपन्यांपासून विद्यापीठांपर्यंत अनेक संस्थांनी तो शब्द आपल्या उद्दिष्टांत घातला. या कल्पनेचा उगम १९८७ च्या ब्रुंटलांड आयोगाच्या अहवालात, किंवा फार तर त्यापूर्वीच्या दोन दशकांतील पर्यावरणविषयक जागृतीत आहे, असा समज रूढ आहे. वस्तुतः संस्थेच्या कारभाराचे तत्त्व म्हणून ही कल्पना त्या अहवालाच्या पावणेतीनशे वर्षे आधी एका खाण अधिकाऱ्याच्या ग्रंथात अवतरली, आणि तेथून वनखात्यांच्या मार्गाने ती महाराष्ट्रातही फार पूर्वीच पोहोचली होती.

प्रस्तुत निबंधात या प्रवासाचे तीन टप्पे विचारात घेतले आहेत : अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील सॅक्सनी, ब्रिटिश अमलातील मुंबई इलाखा, आणि स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्र. तिन्ही टप्प्यांत एक गोष्ट समान आढळते. ध्येयाची प्रगती ते मोजता येऊ लागल्यावरच झाली. परंतु जे मोजले गेले तेवढ्याचीच प्रगती झाली. मोजणीबाहेर जे राहिले त्याची किंमत कोणाला तरी भरावी लागली, आणि ज्यांना ती भरावी लागली त्यांच्या तक्रारींतूनच त्या ध्येयाचा अर्थ पुढे विस्तारत गेला.

२

हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ (१६४५–१७१४) हा सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथील खाण प्रशासनाचा अधिकारी होता. १७११ साली तो त्या खात्याचा प्रमुख झाला. फ्रायबर्ग हे रुप्याच्या खाणींचे जुने केंद्र. खाणीतील बोगद्यांना टेकू देण्यासाठी लाकूड लागे, आणि खनिज वितळविण्याच्या भट्ट्यांना लोणारी कोळसा लागे. शतकानुशतकांच्या तोडीमुळे जवळपासची अरण्ये विरळ झाली होती. खाणीत रुपे असूनही लाकडावाचून भट्ट्या बंद पडतील, अशी भीती निर्माण झाली होती.

या परिस्थितीत कार्लोविट्झने १७१३ साली लाइप्झिग येथे ‘सिल्व्हिकल्तुरा इकॉनॉमिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नाव लॅटिन असले तरी ग्रंथ जर्मन भाषेत आहे. तारुण्यात त्याने युरोपात प्रवास केला होता, आणि फ्रान्समध्ये कोल्बेरच्या मंत्रिपदाच्या काळात झालेल्या १६६९ च्या वनविषयक कायद्याची त्याला माहिती होती. ग्रंथात त्याने बी पेरणे व रोपे लावणे यांची पद्धत सांगितली आहे. परंतु तो तेवढ्यावर थांबत नाही. कमी सरपणात चालणाऱ्या चुली व भट्ट्या, ऊब टिकवून धरणारी घरबांधणी आणि लाकडाऐवजी दलदलीतील वाळलेल्या मातीचे इंधन, असे उपायही त्याने सुचविले आहेत. उत्पादन वाढविणे व खप कमी करणे या दोन्ही बाजूंचा विचार त्यात आहे.

लाकडाचा वापर अखंड, स्थिर व पुढेही टिकणारा असावा, असे सांगताना त्याने ‘नाखहाल्टेन्ड’ हे धातुसाधित विशेषण योजले. ‘नाख’ म्हणजे नंतर, मागाहून. ‘हाल्टेन’ म्हणजे धरणे, टिकणे. यावरूनच पुढे ‘नाखहाल्टिगकाइट’ हे भाववाचक नाम रूढ झाले. वनशास्त्रातील इंग्रजी परिभाषेने त्याचे ‘सस्टेन्ड यील्ड’ असे रूपांतर केले, आणि त्याच कुळातील ‘सस्टेनेबल’ हे विशेषण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकासाला जोडले गेले.

येथे मराठी पर्यायाकडेही लक्ष देणे उचित होईल. ‘शाश्वत’ हे विशेषण मूलतः नित्य, अविनाशी या अर्थाचे आहे. ते तत्त्वज्ञानाच्या भाषेतून आले. ते एका अवस्थेचे वर्णन करते, एखाद्या कृतीचे करीत नाही. कार्लोविट्झचा शब्द मात्र कृतीचा आहे : आज हात आखडता घेणे व उद्यासाठी धरून ठेवणे. त्याच्या जवळ जाणारे शब्द मराठीत घरगुती व्यवहारात आढळतात. ‘पुरवून पुरवून वापरणे’ हा एक, आणि पावसाळ्याची किंवा वर्षाची ‘बेगमी’ हा दुसरा. बेगमी म्हटली की माणसे किती, दिवस किती आणि कणगीत धान्य किती, हे प्रश्न आपोआप येतात. ‘शाश्वत’ या शब्दातून असा कोणताही प्रश्न उद्भवत नाही. संस्थांना तो शब्द सहज स्वीकारता आला याचे एक कारण यातही असावे.

कार्लोविट्झ वनाधिकाऱ्याचा पुत्र असला तरी स्वतः वनाधिकारी नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अरण्याविषयीच्या प्रेमापेक्षा आपल्या खात्याचा कारभार थांबेल या चिंतेतून हे ध्येय पुढे आले. संस्था प्रथम स्वतःची निकड ओळखते; लोकहिताचे विवेचन बहुधा मागून येते.

३

ग्रंथ प्रसिद्ध झाल्याने अरण्ये वाढत नाहीत. कार्लोविट्झनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी त्याच्या कल्पनेला कार्यपद्धतीचे रूप आले, आणि ते मुख्यतः दोन वनशास्त्रज्ञांनी दिले. गेओर्ग लुडविग हार्टिग (१७६४–१८३७) याने १७९५ साली वनांच्या मूल्यमापनाची पद्धत सांगणारा ग्रंथ लिहिला. आज अरण्यापासून जेवढा लाभ होतो निदान तेवढा पुढच्या पिढ्यांनाही व्हावा, अशी मर्यादा त्याने वनव्यवस्थेला घालून दिली. हाइनरिश कोटा (१७६३–१८४४) याने १८११ साली आपली वनशाळा सॅक्सनीतील थारांट येथे आणली. १८१६ साली तिला राजाश्रय मिळून ती अकादमी झाली.

पद्धतीचा गाभा सोपा होता. अरण्याची मोजणी करून त्याचे नकाशे करावयाचे, त्याचे कक्ष पाडावयाचे, प्रत्येक कक्षातील झाडांचे वय व लाकडाचे घनफळ ठरवावयाचे, आणि वर्षाला जेवढी वाढ होते तेवढीच तोड करावयाची. याप्रमाणे पुढील अनेक वर्षांची आखणी लिहून ठेवली जाई. मराठीत वनखाते तिला ‘कार्य आयोजना’ म्हणते. या आखणीमुळे एक महत्त्वाचा बदल घडला. अधिकारी बदलला तरी ध्येय बदलत नसे. कारण ते त्याच्या मनात नसून कचेरीतील पुस्तकात होते. नवा अधिकारी जुन्याचे आकडे पडताळून पाहू शकत होता, आणि वनशाळेत शिकलेला कोणीही ते पुस्तक वाचू शकत होता. ध्येय टिकविणारी यंत्रणा या रीतीने प्रथमच उभी राहिली.

तथापि याच यंत्रणेने ध्येयाचा अर्थही आकुंचित केला. मोजावयास सोपे काय, तर लाकडाचे घनफळ. घनफळ अचूक मोजावयाचे तर एकाच जातीची, एकाच वयाची, ओळीत लावलेली झाडे सर्वांत सोयीची. सॅक्सनीत मिश्र अरण्यांच्या जागी स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या एकजिनसी लागवडी वाढत गेल्या. पहिल्या पिढीतील लागवडीने भरघोस उत्पन्न दिले. पुढील पिढ्यांत मात्र अनेक ठिकाणी वाढ खुंटली. १९२३ साली वीडेमान या संशोधकाने सॅक्सनीतील स्प्रूसच्या या घटत्या वाढीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीचा कस, पालापाचोळा, झुडुपे व कीटक यांना हिशेबाच्या वहीत रकाना नव्हता. आणि ज्याला रकाना नव्हता त्याच्याच ऱ्हासामुळे रकाना असलेले घनफळही धोक्यात आले.

हीच पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानात आली. ती येथे येण्यापूर्वी या प्रश्नाचा विचार या भूमीत झालाच नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही.

४

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ साली सिद्ध झाले असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे कार्लोविट्झचा ग्रंथ व आज्ञापत्र यांच्यात फार तर दोनतीन वर्षांचे अंतर आहे. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. परंतु प्रश्न सारखाच आहे. तेथे खाणीला लाकूड हवे होते, येथे आरमाराला. सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत, अधिक लागल्यास खरेदी करून आणावीत, परंतु आंबा, फणस इत्यादी झाडांना हात लावू नये, असे आज्ञापत्र सांगते. या निर्बंधाला जे कारण दिले आहे ते विशेष आहे. ही झाडे एकदोन वर्षांत होत नाहीत; रयतेने ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ जतन करून वाढविलेली असतात; ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, आणि एकास दुःख देऊन केलेले कार्य करणाऱ्यासह लवकरच नष्ट होते, असा त्या विवेचनाचा आशय आहे.

दोन्ही ग्रंथांत वाढीला लागणाऱ्या काळाचे भान आहे. कार्लोविट्झच्या विचारातून मोजणीची पद्धत निघाली. आज्ञापत्रात मोजणी नाही, पण झाड वाढविणाऱ्याच्या दुःखाला राज्यकारभारात स्थान आहे. पहिल्या विचाराला पुढे शाळा, नकाशे व खाते लाभले. दुसरा विचार आज्ञेच्या रूपात राहिला. राज्य गेल्यावर त्याची अंमलबजावणी करणारे कोणी उरले नाही.

इंग्रजी अमलात वनरक्षणाचे पहिले प्रयत्नही जहाजबांधणीसाठीच झाले. १८०६ साली मलबारात सागाच्या रक्षणासाठी वनसंरक्षक नेमण्यात आला; लोकांच्या असंतोषामुळे ते पद १८२० च्या दशकात रद्द करावे लागले. मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन या वैद्याची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. तो त्यापूर्वीपासून पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचा प्रमुख होता. १८५३ नंतर लोहमार्ग वाढू लागले आणि रुळांखालील स्लीपरांसाठी लाकडाची मागणी झपाट्याने वाढली. फ्रायबर्गची निकड आता आगगाडीच्या रूपाने येथे उभी राहिली.

१८६४ साली डीट्रिख ब्रँडिस (१८२४–१९०७) हा बॉन येथे जन्मलेला वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. १८५६ पासून तो ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांत काम करीत होता. तेथे ठरावीक रेषेने अरण्यातून जात, सागाची झाडे घेराप्रमाणे वर्गवार मोजून, दरवर्षी किती झाडे तोडता येतील हे ठरविण्याची रीत त्याने बसविली होती. त्याच्यामागून आलेले श्लिख व रिबेनट्रॉप हे महानिरीक्षकही जर्मनच होते. तरुण अधिकाऱ्यांना फ्रान्स व जर्मनीतील वनशाळांत पाठविण्यात येऊ लागले, आणि १८७८ साली डेहराडून येथे वनशाळा निघाली. शब्द, मोजणी व शाळा हे सॅक्सनीतील तिन्ही घटक येथे दोन दशकांत एकत्र आले.

त्याच वर्षी, १८७८ मध्ये, नवा वन कायदा झाला. त्याने राखीव, संरक्षित व ग्रामवन असे तीन वर्ग केले. कायद्यापूर्वीच्या चर्चेत ब्रँडिसने गावांसाठी स्वतंत्र वने असावीत असा आग्रह धरला होता. बेडन-पॉवेलप्रभृती अधिकाऱ्यांचा कल शासनाच्या पूर्ण मालकीकडे होता. ग्रामवनाची तरतूद कायद्यात आली खरी, परंतु तिचा उपयोग क्वचितच झाला. पुस्तकात नोंद झाली ती राखीव वनांची.

५

मुंबई इलाख्यात या धोरणाचा सर्वांत तीव्र संघर्ष कोकणात झाला, आणि त्याचे मुख्य कारण राब हे होते. राब म्हणजे पावसाळ्यापूर्वी भाताच्या तरव्याच्या जागेवर झाडांचे टहाळे, पाला, शेण व गवत पसरून ती जमीन भाजणे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दृष्टीने झाडाचे टहाळे हा भातशेतीचाच भाग होता. वनखात्याच्या दृष्टीने तेच टहाळे छाटणे म्हणजे लाकडाच्या वाढीचे नुकसान होते. दोघेही आपापल्या परीने पुढील वर्षाचाच विचार करीत होते. एकाची बेगमी भाताची होती, दुसऱ्याची लाकडाची. वहीत मात्र एकाच बेगमीची नोंद होत होती.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात वनखात्यावर कठोर टीका आहे. गायराने व गुरचरणीची राने खात्याने आपल्याकडे घेतली, गुरे चारण्याची सोय राहिली नाही, आणि दंडाच्या भीतीने शेतकऱ्याला जनावरे सांभाळणे अशक्य झाले, असे त्यांनी दाखविले. या टीकेत वनरक्षणाला विरोध नाही. कोणासाठी राखावयाचे व कोणाच्या खर्चाने, हा फुल्यांचा प्रश्न आहे. गुरे गेली की शेणखत जाते, खत गेले की जमिनीचा कस जातो. म्हणजे वनाचे उत्पन्न टिकविण्याच्या नावाखाली शेतीचे उत्पन्न टिकेनासे होते.

असंतोष वाढल्यावर शासनाने १८८५ साली मुंबई वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील राबाचा प्रश्न हा त्याच्या चौकशीचा एक प्रमुख विषय होता. झाडे व घनफळ यांच्या जोडीला शेतकऱ्यांच्या साक्षी प्रथमच मोठ्या प्रमाणावर सरकारी दप्तरात आल्या, हे या आयोगाचे महत्त्व होय. १८९४ च्या अखिल भारतीय वनधोरणात जनतेचे हित हाच वनव्यवस्थेचा उद्देश असल्याचे घोषित झाले, आणि किरकोळ वने व चराऊ कुरणे यांना स्वतंत्र वर्ग मिळाला. शब्द व्यापक झाला. परंतु वार्षिक अहवालांत जमा, खर्च व शिल्लक महसूल यांचेच रकाने ठळक राहिले.

६

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने देशाच्या एकतृतीयांश भूभागावर वने असावीत असे उद्दिष्ट ठरविले. १९८८ च्या धोरणाने ते कायम ठेवून, प्रत्यक्ष आर्थिक लाभापेक्षा पर्यावरणाचे संतुलन श्रेष्ठ मानले. त्यापूर्वी १९८१ साली भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली होती. १९८७ पासून ती उपग्रहचित्रांच्या आधारे वनस्थितीचे अहवाल प्रसिद्ध करू लागली. २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या भौगोलिक क्षेत्रापैकी १६.५१ टक्के क्षेत्रावर वनाच्छादन होते. एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर वृक्षांच्या छत्राची दाटी १० टक्के वा अधिक असली की ते वनाच्छादन, अशी या मोजणीची व्याख्या आहे. जमीन कोणाच्या मालकीची व झाडे कोणत्या जातीची, हे त्यात पाहिले जात नाही. फळबागही त्यात येते. आज्ञापत्राने ज्या आंब्याला सागापासून वेगळे केले होते तो येथे सागाच्याच रकान्यात बसतो. मोजणी पूर्वीपेक्षा कितीतरी सूक्ष्म झाली, तरी एकाच आकड्यात विसदृश गोष्टी एकवटण्याची जुनी अडचण उरलीच.

या इतिहासाला वेगळे वळण दिले ते २००६ च्या वनहक्क कायद्याने. पारंपरिक रीतीने राखलेले सामूहिक वन टिकाऊ वापरासाठी राखण्याचा, वाढविण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क या कायद्याने गावांना दिला. कार्लोविट्झची कल्पना प्रथमच गावाच्या हक्काच्या भाषेत उतरली. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मान्य झाला. देशात सर्वप्रथम असा हक्क मिळविणाऱ्या गावांत त्याची गणना होते. त्यापूर्वी कित्येक वर्षे गावात अभ्यासगट चालत होते, आणि निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेण्याची रीत होती.

हक्क मिळाला तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडेच राहिला. बांबू तोडता येतो पण गावाबाहेर नेऊन विकता येत नाही, अशी स्थिती काही काळ होती. २०११ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याची पुस्तके ग्रामसभेकडे देण्यात आली. या घटनेचे महत्त्व बांबूच्या किमतीपुरते नाही. दीर्घकाळ नोंद करणारा एक आणि नोंदीची किंमत भरणारा दुसरा, अशी विभागणी होती. येथे वही त्यांच्याच हाती आली ज्यांना चुकीच्या हिशेबाचे फळ स्वतः भोगावे लागणार होते.

७

एकविसाव्या शतकात हेच ध्येय औद्योगिक संस्थांनी स्वीकारलेले दिसते. मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘सेबी’ने २०१२ साली शेअरबाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १०० कंपन्यांना आपल्या सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल देणे बंधनकारक केले. २०२२-२३ पासून पहिल्या १,००० कंपन्यांना अधिक विस्तृत नमुन्यात असा अहवाल देणे आवश्यक झाले. त्यात ऊर्जा, पाणी, कचरा, हरितगृह वायू व कामगारांची स्थिती यांचे आकडे मागविले जातात. २०२३ साली निवडक आकड्यांची बाहेरच्या परीक्षकाकडून तपासणी टप्प्याटप्प्याने आणण्याचे ठरले. इच्छेचे दप्तरात रूपांतर होण्याची ही तीच पायरी आहे, जी हार्टिग व कोटा यांच्या काळात वनखात्यांनी ओलांडली होती.

तेव्हा या टप्प्यावर दोन्ही बाजूंचा विचार करणे अगत्याचे आहे. आकड्यांचे महत्त्व कमी लेखणे चूक ठरेल. आज्ञापत्रातील करुणेला मोजणीची व खात्याची जोड मिळाली नाही, म्हणून ती पुढील राजवटीपर्यंत पोहोचली नाही. परंतु केवळ आकडे वाढल्याने ध्येय जवळ येते असेही नाही. सॅक्सनीच्या वहीत मातीला जागा नव्हती, ठाण्याच्या वहीत राबाला नव्हती, आणि दोन्ही ठिकाणी त्या उणिवेची जाणीव वही लिहिणाऱ्यांना सर्वांत शेवटी झाली. स्प्रूसच्या मुळांना व भात लावणाऱ्या कुणब्याला ती आधीच झालेली होती. एखाद्या कारखान्याचा पाण्याचा अहवाल निर्दोष असू शकेल, आणि त्याच नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या गावाच्या विहिरींचा त्यात उल्लेखही नसेल.

यावरून संस्थांच्या प्रगतीची एक कसोटी सुचविता येते. संस्थेने ध्येय जाहीर केले की नाही, त्याचे आकडे ती ठेवते की नाही, हे प्राथमिक प्रश्न झाले. काय मोजावे हे ठरविताना त्या मोजणीची झळ ज्यांना लागणार आहे त्यांना विचारले गेले काय, आणि लिहिलेले आकडे त्यांना तपासता व नाकारता येतात काय, हे पुढचे व अधिक निर्णायक प्रश्न होत. मुंबई वन आयोगाने १८८५ मध्ये ज्या शेतकऱ्यांच्या साक्षी घेतल्या त्या कायदा झाल्यानंतर सात वर्षांनी घेतल्या. मेंढ्याच्या ग्रामसभेला परवान्याचे पुस्तक हक्क मिळाल्यानंतर मिळाले, तेही मागून. साक्ष आधी व नियम नंतर, असा क्रम या तीन शतकांच्या इतिहासात क्वचितच आढळतो. आणि ज्या संस्था आज हे ध्येय नव्याने स्वीकारीत आहेत त्यांना तो क्रम बदलण्याची संधी अजून आहे.